बीपी कधीपासून?

आण्णांच्या छातीत कळ आली ती पहाटे साडेपाचला, गोठ्यात धार काढताना. सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. आईला त्यांनी सांगितलं सात वाजता. म्हणजे धार पुरी केली, किटली डेअरीला पोचवली, हातपाय धुतले आणि मग ओसरीवर बसून म्हणाले, "पित्त झालंय वाटतं, जरा लिंबू-सोडा दे." आईनं त्यांचा घामानं भिजलेला सदरा बघितला आणि लिंबू कापायच्या ऐवजी शेजारच्या चुलतभावाला हाक मारली.

कोरेगावजवळच्या आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे ईसीजीचं छोटं मशीन आहे. त्यांनी पट्टी काढली, मोबाइलवर फोटो घेतला आणि साताऱ्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर पाठवला. तीन मिनिटांत उलट फोन आला, की मोठा झटका आहे, ॲस्पिरिन चावायला द्या, गाडीत घाला, मी कॅथ लॅब तयार ठेवतो. साडेआठला आण्णा हॉस्पिटलच्या दारात होते आणि सव्वानऊला त्या कॅथ लॅबमध्ये त्यांच्या मनगटातून नळी जाऊन बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी झाली होती, आत स्टेंट म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी बसली होती. दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत हे व्हावं असा दंडक आहे. आमच्याकडे ४५ मिनिटांत झालं. मी तेव्हा पुण्याहून निघून खंबाटकी चढत होते. भावाचा फोन आला, "ताई, टाकला स्टेंट, आण्णा बोलतायत," आणि मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

हे आधी लिहिण्याचं कारण असं, की पुढं मी संगणकाच्या पडद्यांबद्दल आणि पोर्टलांबद्दल बरंच कडू लिहिणार आहे. पण त्या पहाटे एका फोटोनं माझ्या वडिलांचा जीव वाचवला. त्या दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही आधी "विमा आहे का?" असं विचारलं नाही. ते मी विसरणार नाही.

विमा होता. जानेवारी २०१८ पासून, आण्णा आणि आई दोघांचा मिळून पाच लाखांचा, एक वर्षही खंड न पडता. मी पुण्यात हिशेबनीस म्हणून नोकरी करते, हप्ता मीच भरते. त्यामुळं साताऱ्याला पोचले तेव्हा पैशाची काळजी माझ्या मनातही नव्हती. मेडिक्लेम डेस्कवर कार्ड दिलेलं होतं आणि कंपनीकडे मंजुरीचा अर्ज गेलेला होता. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर हॉस्पिटलला भरण्याच्या, अर्जावर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा असतो, आणि घरी सोडतानाची शेवटची मंजुरी तीन तासांत. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "येईल मॅडम, चहा घेऊन या."

मंजुरी आली नाही, क्वेरी आली. हा शब्द हॉस्पिटलात दोन दिवस काढलेल्या कुणालाही माहीत असतो. "क्वेरी आलीय," असं डेस्कवरून सांगतात आणि नातेवाइकाच्या पोटात गोळा येतो. आमच्या क्वेरीत विचारलं होतं, की रुग्णाला दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, तर पहिल्या निदानाचे आणि पहिल्या औषधाचे कागद सादर करा.

मी दोनदा वाचलं. दहा वर्षं? आण्णांचं बीपी पहिल्यांदा कळलं ते मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या लशीच्या रांगेत. साठीपुढच्यांचं लसीकरण १ मार्चला सुरू झालं होतं, त्याच महिन्यात ते गेले होते. टोचायच्या आधी सिस्टरनी पट्टा गुंडाळला, १७० वर १०० निघालं, आणि तिथून आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पहिली चिठ्ठी आईनं देवघराच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली आहे, लशीच्या प्रमाणपत्राच्या घडीत. मग दहा वर्षं कुठून आली?

केस पेपर बघायला मागितला. पेपर म्हणायची सवय, आता तो संगणकात असतो. सकाळी आठ-बत्तीसची नोंद होती, आण्णांना स्ट्रेचरवर घेऊन कॅथ लॅबकडे धावत असताना ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांनी केलेली. 'एचटीएन, सिन्स टेन इयर्स.' म्हणजे उच्च रक्तदाब, दहा वर्षांपासून. आणि ती एकदाच नव्हती. अतिदक्षता विभागाच्या नोंदीत तीच ओळ, कॅथ लॅबच्या अहवालात तीच, कंपनीला गेलेल्या अर्जात तीच. पुढची नोंद उघडली की मागचा इतिहास आपोआप तिथं येऊन बसतो. चार कागदांवर एकच वाक्य बघितल्यावर कंपनीच्या डॉक्टरला वाटणारच, की चार जणांनी चार वेळा विचारून खात्री केलेली आहे. प्रत्यक्षात विचारलं होतं एकदाच, आणि तेही तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी आण्णा जरा सावध झाल्यावर मी हळूच विषय काढला. "आण्णा, काल डॉक्टरांनी बीपी कधीपासून विचारलं, तुम्ही दहा वर्षं म्हणालात का?"

ते बराच वेळ आठवत राहिले. "मला इचारलं, तंबाखू खाता का. म्हणलं, सोडली, धा वर्षं झाली." मग म्हणाले, "आणि काय काय इचारत होते बाळ, पर मला ऐकू येत न्हवतं नीट."

संगणकातल्या नोंदीत तंबाखूचा रकाना कोरा होता.

कॅशलेसच्या अर्जाचा नमुना मी नंतर नीट बघितला. त्यात जुन्या आजारांची यादी असते: मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, दमा. प्रत्येकापुढं चौकट असते आणि तिच्यात महिना आणि वर्ष भरायचं असतं. आमच्याकडची माणसं अशी वर्षं मोजत नाहीत. "थोरलीच्या लग्नाच्या आदल्या साली", "त्या महापुराच्या नंतर", "झाली की आठ-धा वर्षं". यातलं "आठ-धा" म्हणजे बरीच, एवढाच अर्थ. पण चौकटीत "बरीच" बसत नाही, म्हणून कुणीतरी आकडा टाकतं. आमच्या बाबतीत त्या आकड्याचा हिशेब असा झाला, की दहा वर्षं म्हणजे २०१५, पॉलिसी २०१८ ची, म्हणजे यांनी विमा घेताना आजार लपवला.

११ तारखेला संध्याकाळी नकाराचं पत्र आलं. त्यात असंही लिहिलं होतं, की कॅशलेस नाकारणं म्हणजे उपचार नाकारणं नव्हे, पैसे भरून नंतर दावा करता येईल. हे कायद्यानं बरोबर आहे. पण अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या माझ्या आईला तो फरक मी कसा सांगायचा होता? तिनं एवढंच विचारलं, "किती भरायचे?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दीड लाख भरायचे होते. पतसंस्थेतली तिची ठेव मुदतीआधी मोडली, उरलेले माझ्या कार्डावर.

त्यात एक गोष्ट आणखी कळली. पॉलिसीवर नोंदवलेला मोबाइल नंबर ना आण्णांचा होता ना माझा. २०१८ मध्ये ज्या एजंटनं फॉर्म भरला त्यानं स्वतःचा नंबर टाकला होता. त्यानं एजन्सी सोडून तीन वर्षं झाली, आता तो हार्डवेअरचं दुकान चालवतो. कंपनीचे सगळे मेसेज, ओटीपी, अमुक तासांत कागद द्या अशा सूचना त्याच्या फोनवर जात होत्या. भला माणूस, रात्री दुकान बंद केल्यावर बघून मला पुढं पाठवायचा. मुदत तोवर टळलेली असायची. सात वर्षं मी हप्ता भरला आणि एकदाही त्या रकान्याकडे बघितलं नव्हतं. हे वाचणाऱ्यानं आज आपल्या आईवडिलांच्या पॉलिसीवरचा नंबर तपासावा, एवढी कळकळीची विनंती.

या सगळ्याचा उपचारावर काय परिणाम झाला ते सांगते, कारण मूळ दुखणं तिथंच आहे. ॲन्जिओग्राफीत दुसऱ्याही एका रक्तवाहिनीत अडथळा दिसला होता, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की ही आत्ता तातडीची नाही, पण सोडायचीही नाही. याच मुक्कामात दोन-तीन दिवसांनी करू, किंवा घरी जाऊन महिना-दीड महिन्यात परत या. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही चालणार होतं. याच मुक्कामात झालेलं बरं, असा त्यांचा कल दिसला. पण आण्णांच्या कानावर तोवर "कॅशलेस नाही" हे शब्द गेले होते. त्यांनी खाटेवरूनच निकाल दिला. "एक झालं न्हवं? बास. घरी चला." मी समजावलं, भावानं समजावलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. ज्या माणसानं पोरीच्या शिक्षणासाठी दोनदा सोसायटीचं कर्ज काढलं, तो स्वतःच्या हृदयासाठी ठेव मोडू द्यायला तयार नव्हता. त्या खोलीत हा निर्णय डॉक्टरांनी घेतला नाही आणि आम्हीही घेतला नाही. आठ-बत्तीसच्या त्या ओळीनं घेतला.

नोंद दुरुस्त करायला मी शुक्रवारी दिवसभर हॉस्पिटलात फिरले. निवासी डॉक्टर पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती, रात्रपाळी संपवून निघालेली. तिला सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "सॉरी ताई, पण एकदा सेव्ह केलेली नोंद सिस्टिममध्ये पुसता येत नाही. वरून नवीन टीप टाकता येते." आणि तिनं टाकली, घरी जायच्या आधी खुर्चीत बसून. नोंद पुसता येऊ नये हे योग्यच आहे, नाहीतर कुणीही काहीही बदलेल. हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या लेटरहेडवर पत्र दिलं: इतिहास तातडीच्या अवस्थेत घेतलेला आहे, कागदोपत्री पहिलं निदान मार्च २०२१ चं आहे, सोबत चिठ्ठीची प्रत. शनिवारी घरी सोडताना डिस्चार्ज समरीचा मसुदा मी सहीच्या आधी मागून घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. तिथंही 'टेन इयर्स' परत येऊन बसलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर बदललं.

दाव्याच्या कागदांसोबत मी एक पानभर पत्र जोडलं. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, बीपी पॉलिसीनंतरचं आहे, हा पुरावा. दुसरा मुद्दा मला रात्री दोन वाजता नियम वाचताना सापडला होता. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर 'माहिती लपवली' या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, १ एप्रिल २०२४ पासून ती पाच वर्षांवर आली. आमची सात वर्षं पूर्ण होती. म्हणजे समजा आण्णांना खरोखरच दहा वर्षांपासून बीपी असतं, तरी ते कारण चालणारं नव्हतं. क्वेरी पाठवणाऱ्यानं पॉलिसी सुरू झाल्याची तारीख बघितली असती तर आईची ठेव वाचली असती आणि दुसरा स्टेंटही त्याच आठवड्यात पडला असता.

दावा मंजूर झाला. २ एप्रिलला खात्यात पैसे आले: १,८०,२५० रुपये. बिल होतं २,८३,००० चं.

आता इथं माझा धंदा कामी आला, कारण वजावटीचा तक्ता बघून सामान्य माणूस गप्पच बसेल. त्यामागचं गणित सांगते.

अतिदक्षता विभागातून खोलीत हलवताना डेस्कवर म्हणाले होते, "दोघांतली खोली भरलीय, सिंगल आहे, आठ हजार रोज. चालेल ना? पाच लाखांची पॉलिसी आहे तुमची." मी चालेल म्हणाले. कंपनीचं ॲप उघडलं की मोठ्या अक्षरांत पाच लाखच दिसतात. पण पॉलिसीच्या आत लिहिलेलं होतं, की खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार. मला वाटायचं, जास्तीची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरायचे, झालं. तसं नसतं. पाच हजारांची पात्रता असताना आठ हजारांची खोली घेतली, तर कंपनी बाकीच्या खर्चालाही तेच प्रमाण लावते: आठातले पाच ती देणार, तीन आपण. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. कारण असं, की बऱ्याच हॉस्पिटलांत खोली जितकी भारी तितकी डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचं शुल्कही चढं असतं. आमच्या हॉस्पिटलातही तसंच होतं, मी विचारून खात्री केली.

म्हणून खोलीच्या २४,००० तून ९,००० गेले. डॉक्टरांची फी, कॅथ लॅब, नर्सिंग मिळून १,२०,००० होते, त्यातले ४५,००० गेले. हातमोजे, फाइल, नोंदणी वगैरे न मिळणाऱ्या किरकोळ बाबींचे ६,०००. हे साठ हजार मी मनाशी मान्य केले. दुःख झालं, पण अट अटच आहे आणि ती मी वाचायला हवी होती.

मात्र तक्त्यात आणखी तीन ओळी होत्या. ३८,००० च्या स्टेंटमधून १४,२५० कापले होते, ५२,००० च्या औषधं आणि साहित्यातून १९,५००, आणि २४,००० च्या तपासण्यांमधून ९,०००. इथं मी थांबले. स्टेंट खोली बघून महाग होत नाही. त्याची कमाल किंमत तर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारच ठरवून देतं. मेडिकलमधली गोळी जनरल वॉर्डात आणि सिंगल खोलीत त्याच छापील किमतीला मिळते. २०२० च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: औषधं व साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावायची नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही नाही, आणि ते आमच्या बाबतीत त्यांनी पाळलंही होतं. म्हणजे कुठल्यातरी संगणकात कुठलीतरी टक्केवारी नको त्या ओळींवरही फिरली होती. चुकीचे कापलेले एकूण ४२,७५० रुपये.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. तीही मनासारखी सुटली नसती तर पुण्यात नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथं फी लागत नाही, वकील चालतच नाही, आपली बाजू आपणच मांडायची. तिथल्या अर्जाचा मसुदा मी तयारच ठेवला होता. गरज पडली नाही. ९ मे रोजी ४२,७५० जमा झाले. सोबत दोन ओळींचं पत्र होतं, पुनर्विचारान्ती मंजूर. चूक झाली असा शब्द त्यात नव्हता.

मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. आठ दिवसांनी गावी गेले तेव्हा ते सगळं उतरलं.

पॉलिसीत घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा औषधखर्च मिळतो. त्याची बिलं गोळा करायला म्हणून मी आण्णांची औषधाची पिशवी उपडी केली. रक्त पातळ ठेवणारी जी गोळी असते, ती त्यांना दिवसातून दोनदा घ्यायची होती, एक वर्षभर, एकही खंड न पाडता. नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून तीच पहारा देते. १६ एप्रिलनंतर चौदा गोळ्यांच्या चार पट्ट्या आणलेल्या होत्या, म्हणजे छप्पन्न. एकतीस दिवस झाले होते, बासष्ट लागायला हव्या होत्या. पिशवीत सत्तावीस शिल्लक होत्या. मी जमिनीवर बसून तीनदा मोजल्या. चौदा, आणि तेरा.

"आण्णा, दुसरी गोळी कधी घेता?"

ते पायरीवर बसून म्हशीच्या दाव्याला पीळ भरत होते. वर न बघता म्हणाले, "तूच म्हणाली न्हवं, साठ दिवसांपातूर इम्यात बसतंय, फुडं न्हाई. मग म्हणलं एकच घ्यावी. बरं वाटतंय की मला."

मी तसं म्हणाले होते. मार्चमध्ये, फोनवर, बिलं जपून ठेवा हे सांगताना. पॉलिसीतली एक अट त्यांनी डॉक्टरांच्या सूचनेसारखी पाळली होती. साठ दिवसांनी पैसे थांबतात म्हणजे साठ दिवसांनी गरज कमी होत असणार, इतका साधा विचार. आणि का करू नये त्यांनी? लाखांची शस्त्रक्रिया विम्यात बसते, पण ती टिकवणारी महिन्याची दोन हजारांची गोळी बसत नाही, यामागं आरोग्याचा काय हिशेब आहे ते मला अजून कुणी समजावलेलं नाही. कुठल्याही पोर्टलवर, ॲपमध्ये, दाव्याच्या तक्त्यात आण्णांची ती राहिलेली गोळी दिसत नव्हती. सगळ्यांच्या लेखी त्यांची फाइल बंद झाली होती.

त्याच दुपारी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलले. ते रागावले नाहीत. आण्णांना म्हणाले, "काका, म्हशीला दोन वेळा वैरण लागते, एक वेळ घालून चालतं का?" आणि तीच गोळी जनऔषधी केंद्रात कशी मिळेल ते सांगितलं. खर्च निम्म्याच्या खाली आला. तेव्हाच ते म्हणाले, की दुसऱ्या रक्तवाहिनीचं आता लांबवू नका, आणि आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलात बसणाऱ्या माणसाला, भेटा.

आरोग्यमित्राचा कक्ष हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला होता. फेब्रुवारीत पाच दिवस मी त्याच्यासमोरून गेले होते. "आपला विमा आहे, हे गरिबांसाठी असतं," असं मनात धरून. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तसं होतंही, आणि तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच लाखांची झाली आणि राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू झाली, पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही. आण्णांचं तर केशरी आहे. मी शिकलेली, आकडेमोड करणारी बाई, मला हे माहीत नव्हतं आणि मेडिक्लेम डेस्कवर कुणी सांगितलं नाही.

कक्षात बसणारी ताई कऱ्हाडची होती. रेशनकार्ड, आधार, ॲन्जिओग्राफीची सीडी, सगळं तिनं एका बैठकीत अपलोड केलं. अडलं ते अंगठ्यावर. चाळीस वर्षं विळा-खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. आण्णा कानकोंडे होऊन अंगठा धोतराला पुसत होते, परत ठेवत होते. ताईनं त्यांचा हात हातात घेतला, म्हणाली, "राहू द्या बाबा, अंगठ्याची चूक न्हाई," आणि आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी मागवला. या वेळी तो नंबर माझा होता, मीच मार्चमध्ये बदलून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. जूनमध्ये दुसरा स्टेंट झाला. जनरल वॉर्डात दोन रात्री, शेजारी खटावचे एक मास्तर. वॉर्ड भरलेला होता, पंखा एक बंद होता, आईला बसायला स्टूल मिळालं नाही. पण कुणी खोली विचारली नाही, प्रमाण लावलं नाही, आणि निघताना पैसे भरावे लागले नाहीत.

आण्णांचा आभा क्रमांकही, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा सरकारी डिजिटल क्रमांक, तिथंच काढला, चौदा आकडी. पुढं सगळे अहवाल त्यावर दिसतील असं सांगतात. मी उघडून बघितलं तेव्हा फेब्रुवारीतली पहिली नोंद तिथं जशीच्या तशी होती, 'टेन इयर्स'सह. दुरुस्तीची टीप तिच्याखाली वेगळी आहे. जो खालपर्यंत वाचेल त्यालाच ती दिसेल. म्हणून देवघराच्या फळीवरचा पत्र्याचा डबा आईला टाकू दिलेला नाही.

जानेवारीत पॉलिसीचं नूतनीकरण केलं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झाला. खोलीची मर्यादा काढून मागितली, तर आण्णांचा आजार बघता कंपनी तयार झाली नाही. ठीक आहे. घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवलंय: रोज पाच हजारांच्या आतली खोली, नाही मिळाली तर वॉर्ड. अटींचा गोषवारा मागितला की मराठीतही द्यावा लागतो. तो मागून घेतला आणि छापून डब्यात ठेवला.

रविवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करते. गप्पा आधी म्हशीच्या, मग पावसाच्या. मग आण्णा न सांगता सदऱ्याच्या खिशातून आठवड्याची रिकामी पट्टी काढतात आणि कॅमेऱ्यासमोर धरतात, इतकी जवळ की मला नुसता चंदेरी कागदच दिसतो. "जरा लांब धरा, आण्णा," मी म्हणते, आणि मोजते. चौदा भोकं.